मिस्त्रींचा लोखंडी रंधा

रंधा कधी तळावर ठेवायचा नाही, कुशीवर आडवा ठेवायचा. तळावर ठेवला की पात्याची धार खालच्या फळीला लागते आणि मरते. शेडमध्ये कामाला लागले त्या आठवड्यात मला हे माहीत नव्हतं. भुसा झाडताना मी रंधा उचलला आणि तसाच खाली ठेवला. मिस्त्रींनी हातातली लोखंडी पट्टी माझ्या बोटांवर मारली. मी तेव्हा पस्तिशीची, दोन लेकरांची आई. मी ती पट्टी त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि त्यांच्याच बोटांवर मारली.

शेडमधले दोन कारागीर करवत थांबवून बघत राहिले. मिस्त्रींनी बोटं चोळली आणि म्हणाले, "आता दोघांच्याबी ध्यानात राहील."

विट्यात बाजारपेठेच्या मागच्या बाजूला त्यांची पत्र्याची शेड होती. मी तिथं पॉलिशआधी लाकूड कागदानं घासायचं काम सव्वीस वर्षं केलं. हजेरीच्या वहीत पुरुषांची नावं होती आणि माझ्या ओळीत "पॉलिश" असं लिहिलेलं होतं. हाक मारायची तर "ए पॉलिश" नाहीतर "ए बाई". मला त्याचा राग यायचा. मी त्यांना एकदा विचारलं, "मला आईबापानं नाव ठेवलंय, ठावं हाय का?" ते म्हणाले, "असंल की. मी कुटं न्हाई म्हनलो?"

मिस्त्री जाऊन आता तीन वर्षं झाली. गेल्या वर्षी त्यांच्या एका रंध्यापायी मला भर गल्लीत चोर म्हटलं गेलं. जे लोखंड भंगारवाला किलोवर घ्यायचा, त्याला आता लोक पंचावन्न हजार मोजायला तयार आहेत. ते सगळं सांगणार आहे. पण आधी तो माणूस कसा होता ते कळलं पाहिजे, नाहीतर रंध्याचं काही कळायचं नाही.

फळी गुळगुळीत झाली का नाही हे ते हातानं बघत नसत, गालानं बघायचे. डोळे मिटून फळीवर गाल ठेवायचे आणि वरून खाली सरकवायचे. त्यासाठी गाल साफ पाहिजे, म्हणून शेवटचा हात दाढी केलेल्या दिवशीच. दाढी सोमवारी आणि शुक्रवारी. मंगळवारी कुणी कपाट न्यायला आला तर त्याला सांगायचे, "शुक्रवारी ये, आज माझा गाल खराब हाय." नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं म्हातारा फिरलाय. एखाद्याच्या घरी चौकट बसवायला गेले की बसवलेल्या दाराला गाल लावून उभे राहायचे आणि घरातल्या बायका तोंडाला पदर लावून आत पळायच्या.

लाकूडवाल्यांशी त्यांचं कधी पटलं नाही. वखारीत ओंडक्याला नाक लावायचे आणि चारचौघांत म्हणायचे, "ह्यो सागवान न्हवं रं, सागवानाचा पावना हाय." तीन वखारींत त्यांना पाय ठेवायला बंदी होती. मग दुसऱ्याला पाठवून लाकूड आणवायचे आणि ते आणलेलं बघून त्या दुसऱ्यालाच शिव्या घालायचे.

"लवकर" हा शब्द ऐकला की त्यांचं डोकं जायचं. एका पुढाऱ्याची खुर्ची होती, मोठी, कोरीव हातांची. त्याचा माणूस रोज येऊन "लवकर करा, लवकर करा" म्हणायचा. न्यायच्या दिवशी वर आणि घासाघीस केली. मिस्त्रींनी रंधा उचलला. "जरा थांबा, एक हात फिरवतो," म्हणाले, खुर्ची उलटी केली आणि मागच्या एका पायावर रंधा एकदाच ओढला. एकच सालपट निघालं, कांद्याच्या पापुद्र्याएवढं. खुर्ची गेली. महिन्यानं तोच माणूस आला, खुर्ची डुलते म्हणाला. मिस्त्री म्हणाले, "खुर्ची बराबर हाय. सायबास्नी सरळ बसाय सांगा."

हे ऐकून लोक हसायचे. मी हसले नाही. त्या खुर्चीवर मी आठ दिवस हात झिजवला होता.

पैशाच्या बाबतीत मिस्त्री वेळेवर, पण चिकट. पुरुषांना मिळायचे त्याच्या निम्मे मला. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "घासायला काय अक्कल लागती गं?" मी दुसऱ्या दिवसापासून गेले नाही. पंधरा दिवस गेले नाही. सोळाव्या दिवशी मिस्त्री माझ्या दारात. दोन्ही तळवे सोललेले, लाल. चूक झाली वगैरे काही नाही. म्हणाले, "कंपनीनं कागद बदलला का काय? लय बोचतोय."

मी म्हणाले, "कागद त्योच हाय. हात बदलला."

ते उंबऱ्यात बसले, पाणी प्यायले आणि उठताना म्हणाले, "उद्यापास्नं पुरुषाची हजेरी लावतो. पर ये बाई, त्या कपाटानं माझा जीव खाल्लाय."

त्यांची बायको त्यांच्याजवळ राहत नव्हती. त्यांचा एकुलता मुलगा मदुराईला गलाईच्या धंद्यात आहे. सोनं गाळायचं, शुद्ध करायचं. आमच्याकडच्या किती घरांतली पोरं त्याच धंद्यात देशभर पसरलीत. ती माउली सुनेच्या बाळंतपणाला म्हणून मदुराईला गेली ती परत आली नाही. तिकडंच वारली. मिस्त्रींनी कधी तक्रार केली नाही. केली असती तरी मी ऐकून घेतली नसती. चार चांगले शब्द घरात बोलले असते तर ती गेली नसती.

आता रंधा. मिस्त्रींकडं नऊ रंधे होते. आठ लाकडी, त्यांनीच बनवलेले. नववा लोखंडी, विलायती. त्यांचे वडील लष्करात सुतार होते. त्यांनी तो कुठल्या तरी छावणीतून आणलेला. बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं अंग, शिसवी मूठ, पुढं इंग्रजीत काहीतरी उमटवलेलं. मला इंग्रजी येत नाही आणि मिस्त्रींनाही येत नव्हतं. त्या रंध्याचं सालपट उन्हात धरलं की पलीकडचं दिसायचं. मिस्त्री ते पेपरवर पसरायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, "वाच." गिऱ्हाइकानं बातमी वाचली की रंधा बरोबर लागलाय.

हा रंधा ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. पण सत्तरीला त्यांचा उजवा खांदा गेला. वर उचलायचाच बंद झाला. तोवर दोन्ही कारागीर मशीनवाल्याकडं गेले होते. शेडमध्ये मिस्त्री, मी आणि फलटणच्या एका गिऱ्हाइकाचा अर्धा देव्हारा. मिस्त्री डब्यावर बसून त्या देव्हाऱ्याकडं तासभर बघत राहिले. मग म्हणाले, "धर."

"काय धर?"

"रंधा धर. मी सांगतो तसं कर. हातानं ढकलू नको, कमरेनं ढकल. दळान दळतीस तवा हातानं दळतीस व्हय?"

मी म्हणाले, "आमच्याकडं गिरणी हाय."

"मग तुज्या आईला इचार जा."

चार महिने त्यांनी माझ्या कानाशी ओरडून मला रंधा शिकवला. दारात माणसं जमायची. बाई रंधा मारते हे बघायला तमाशाला आल्यासारखी उभी राहायची. मिस्त्री त्यांच्या अंगावर भुसा उडवायचे. देव्हारा झाला. फलटणचा माणूस न्यायला आला. कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं असणार, तो म्हणाला, "बाईचा हात लागलाय म्हनं. आमच्याकडं चालत न्हाई."

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "तुमच्या देवाची भांडी कोन घासतं?"

"मंडळी घासत्यात."

"मग आधी ती टाकून या. मग देव्हारा टाकायचं बघू."

त्यानं देव्हारा नेला. पैसेही पुरते दिले. पण मिस्त्रींनी मला त्याबद्दल काही म्हटलं नाही. मला वाटलं होतं, चांगला झालाय म्हणतील. त्यांनी देव्हाऱ्याला गाल लावला आणि एवढंच म्हणाले, "डाव्या अंगाला दाबतीस."

त्याच सुमारास मोटरसायकलवर एक माणूस गावोगाव फिरायला लागला. जुने रंधे आहेत का, विचारायचा. शहरात लोक शोभेला ठेवतात म्हणे. दोनशे रुपये द्यायचा. आमच्या शेजारच्या सुतारानं त्याला तीन रंधे सहाशेला दिले आणि त्या दिवशी घरात मटण केलं. आता तोच सुतार कपाळ बडवतो. फक्त पैशासाठी नाही. दुकानातून नवा रंधा आणला तर त्याच्या पात्याची धार दोन फळ्यांत जाते, आणि जुना चांगला घ्यायला जावं तर किंमत ऐकून घाम फुटतो. सुताराचं हत्यार सुतारालाच परवडेना, असला हा भाव.

तो माणूस मिस्त्रींकडंही आला. लोखंडी रंध्याचे तीनशे म्हणाला, मग पाचशे, मग हजार. मिस्त्रींनी फळी लावली आणि म्हणाले, "एक सालपट काड. निगालं तर फुकट घिऊन जा."

त्यानं दोन्ही हातांनी धरून ढकललं. रंधा फळीत रुतला. परत ढकललं. फळीला टवका उडाला. मिस्त्री म्हणाले, "जा आता. रंध्याला हजार दिलंस तर हाताला किती देशील? त्यो कुटं मिळतो बग आदी."

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही. शेडमधली शेवटची खंडेनवमी मला चांगली आठवते. मी करवती, पटाश्या, रंधे पुसून मांडले, हळदकुंकू लावलं. मिस्त्रींनी नारळ फोडला आणि लोखंडी रंधा उचलून माझ्या हातात दिला.

"ह्यो तुजा."

मी घेतला नाही. मी म्हणाले, "आवं, उद्या तुमचा ल्योक मला चोर म्हनंल."

"ह्या लोखंडाला कोन इचारतंय?"

"मोटरसायकलवाला इचारत हुता की."

ते उठले. पायात चपला घातल्या, रंधा फडक्यात गुंडाळला आणि बाजारात निघाले. मी मागं गेले. भांड्याच्या दुकानात, जिथं लग्नाच्या पातेल्यांवर नावं घालून देतात, तिथं जाऊन त्यांनी रंधा काउंटरवर ठेवला. कुशीवर.

दुकानदार म्हणाला, "मिस्त्री, हे बीड हाय. नीट उमटायचं न्हाई."

"उमटंल तसं घाल."

"काय घालू?"

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. "तुजं नाव काय गं?"

सव्वीस वर्षांनी. भर दुकानात. मी रागानं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, आडनावही सांगितलं. दुकानदारानं पातेल्यावर घालतात तसं विचारलं, "पुढं मिस्त्रींकडून सप्रेम भेट, असं घालू का?"

"सप्रेम बिप्रेम नगं," मिस्त्री म्हणाले. "कामाबद्दल, आसं घाल. आन खाली माझं नाव."

मशीन टर्रटर्र वाजलं. रंध्याच्या उजव्या कुशीवर माझं नाव, "हिस, कामाबद्दल", आणि खाली त्यांचं नाव. अक्षरं वाकडी आहेत. अक्षरावर पैसे होते. मिस्त्रींनी अक्षरं मोजून पैसे दिले आणि मला म्हणाले, "लय लांब नाव हाय तुजं."

पुढं मिस्त्री अंथरुणाला खिळले आणि दोन वर्षांनी गेले. मुलगा आला, दहावा-बारावा करून गेला. रंध्याचं नावही काढलं नाही. शेडला कुलूप लावलं. मी घरी पाट, चौरंग, पोळपाट करायला लागले. त्याच रंध्यानं.

गेल्या वर्षी यात्रेला मुलगा गावी आला तो मोबाईल हातात नाचवत. मोबाईलवर तसलाच रंधा, तसलीच मूठ, आणि खाली भाव. पहिल्यांदा पाहिला तेव्हा चाळीस हजार होता म्हणे, आता पंचावन्न. त्यानं शेड उघडून सगळं उपसलं. मग माझ्या दारात आला.

"मावशी, आण्णांचा लोखंडी रंधा कुटं हाय?"

"माज्याकडं हाय."

"तुमच्याकडं कसा?"

"दिला मला."

"दिला का घेतला? दावा बगू."

त्या "दावा" मध्ये पोलीस होता. मी म्हणाले, "दावत न्हाई."

दाखवला असता तर तिथंच मिटलं असतं हे मलाही कळतं. पण ज्या घराच्या चौकटी मी घासल्या, त्या घरचा पोरगा मला झडती मागतो? मी दार लावून घेतलं. तो गल्लीत उभा राहून ओरडला, "माझा बाप हातरुणाला खिळला हुता, तवा ह्या बाईनं माल उचलला! चोर हाय ही! पंचावन्न हजाराचा माल हाय त्यो!"

दारादारांत माणसं आली. एकानंही त्याला गप्प बस म्हटलं नाही. "पंचावन्न हजार?" एवढंच सगळ्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी पाच पाटांची लग्नाची ऑर्डर देणाऱ्या बाईनं निरोप पाठवला, राहू द्या. शेजारीण मला बघून ओट्यावरची कळशी आत घेऊन गेली. मी सत्तरीच्या जवळ आले. उभ्या आयुष्यात मी दुसऱ्याची काडी उचलली नाही. मी उचलली होती ती एक लोखंडी पट्टी, आणि ती त्याच्या बापाला मारून परत दिली होती.

चौथ्या दिवशी मुलगा परत आला. बरोबर पुण्याचा एक गृहस्थ, आणि मागं गल्लीतली चार माणसं. मुलगा म्हणाला, रंधा काढा नाहीतर पोलिसात जातो. पुण्याचा माणूस मऊ बोलणारा. त्याच्याकडं बेचाळीस रंधे आहेत म्हणाला, काचेच्या कपाटात.

मी विचारलं, "काय तासता त्यांनी?"

"तासत नाही हो आजी. संग्रह आहे तो."

"मग धार कशाला लावता?"

"धारही लावत नाही. मूळ अवस्थेत ठेवायचे असतात."

मी आत गेले, रंधा आणला आणि ओट्यावर कुशीवर ठेवला. डाव्या कुशीवर, म्हणजे उजवी वर आली. पुण्याच्या माणसानं हातमोजे घातले, भिंग काढलं, वाकला, आणि त्याचा चेहरा असा झाला की जणू घरातलं कोणी गेलं.

"अरेरे! हे काय केलंत? हे नाव कुणी घातलं?"

"ज्याचा हुता त्यानं."

"आणि पातं केवढं झिजवलंय! मूठसुद्धा घासली आहे. याची आता काही किंमत राहिली नाही."

मी म्हणाले, "रंध्याचं पातं झिजायचं न्हाई तर काय, तुमचं भिंग झिजायचं?"

मुलानं विचारलं, "तरी फायनल किती?"

"दोन हजार. तेही मनापासून नाही." त्यानं हातमोजे काढले, मला नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसला.

मुलगा रंध्याकडं बघत उभा होता. नाव वाचलं का नाही, त्याचं त्याला माहीत. मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे मावशी, ठेवा तुमच्याकडंच. आण्णांची आठवण म्हनून."

भाव गेला, तसा चोरीचा आळ गेला. पंचावन्न हजाराला मी चोर होते. दोन हजाराला मी मावशी झाले. आणि वर हा मला माझीच वस्तू दान करतोय!

मी म्हणाले, "आठवन न्हवं ही. माजं हत्यार हाय. तू कोन देनारा? आन गल्लीत जे बोललास ते आता गल्लीत उबा ऱ्हाऊन माघारी घे."

"कशाला इषय वाढवता मावशी? झालं गेलं." मोबाईल कानाला लावून तो निघून गेला. चार माणसं पण पांगली, जेवणाची वेळ झाली म्हणून.

मी जेवले नाही. रंधा काखेत घेतला आणि ज्या घरांच्या दारात माणसं उभी राहून ऐकत होती त्या प्रत्येक घरी गेले. नऊ घरं. दारात रंधा पुढं धरायचा आणि म्हणायचं, "वाचा." कुणी चहा घ्या म्हणालं. "आधी वाचा." कुणी म्हणालं, आम्हाला ठाऊकच होतं हो, तुम्ही तसल्या नाही. "ठावं हुतं तर तवा का न्हाई बोलला? वाचा." कळशीवालीला वाचता येत नाही. तिच्या सुनेनं वाचलं, तिनं मान खाली घालून ऐकलं. पाटांची ऑर्डर रद्द करणारी बाई म्हणाली, पाच पाट करा, सहा करा. मी म्हणाले, तुझे पाट दुसरीकडं करून घे.

शेवटी शेडवर गेले. मुलगा कुलूप लावत होता, गाडी चालू होती, तिकीट होतं संध्याकाळचं. मी त्याच्या आणि गाडीच्या मधे उभी राहिले.

"वाच."

"मावशी, आवं, बगितलंय मी."

"बगितलंयस. वाचलं न्हाईस. तुज्या बापानं घातलंय, वाच."

रस्त्यावर माणसं थांबायला लागली. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि वाचलं. माझं नाव, नवऱ्याचं, आडनाव, हिस, कामाबद्दल, आणि खाली बापाचं नाव. पुटपुटल्यासारखं वाचलं, ओठसुद्धा नीट हलले नाहीत.

मी म्हणाले, "चोर म्हनताना आवाज मोठा हुता. परत वाच."